पूर्व आशियातील ‘चू’ : मेणबत्तीच्या चिनी अक्षराविषयीच्या अभ्यासाचा आढावा

१. प्रश्नाचे स्वरूप

चीन, जपान, कोरिया आणि व्हिएतनाम या चार देशांच्या भाषांचा चिनी लिपीशी शतकानुशतके निकटचा संबंध राहिला, आणि या संबंधाचे नेमके स्वरूप कोणते, हा प्रश्न भाषाशास्त्र, पुरातत्त्व व लिपिविचार या तिन्ही अभ्यासक्षेत्रांत आजही खुला आहे. चारही भाषा एकच लिपी वापरत होत्या म्हणजे त्यांचे शब्दही एकच होते काय, एका अक्षराचा अर्थ सर्वत्र सारखा राहिला काय, आणि ज्या भाषांनी ही लिपी पुढे सोडली त्यांच्यात त्या अक्षराचे काय उरले, असे उपप्रश्न त्यातून निघतात. त्यांचा विचार सबंध लिपीविषयी केला तर उत्तरे ढोबळ राहतात. एखाद्या अक्षराचा माग शेवटपर्यंत काढला तर ती अधिक स्पष्ट होतात. मेणबत्तीचे अक्षर त्या दृष्टीने विशेष उपयोगी आहे, कारण त्याने दाखवलेली वस्तू काळाच्या ओघात बदलली, त्याचा उच्चार प्रत्येक भाषेत निरनिराळ्या थरांतून उतरला, आणि विसाव्या शतकात त्याचे लेखनरूपही एक राहिले नाही.

या अक्षराचा बीजिंगच्या प्रमाण भाषेतील उच्चार ‘चू’ असा, चढत्या सुरात होतो. रोजच्या बोलण्यात ते एकटे क्वचितच येते. त्याच्या आधी मेण या अर्थाचे ‘ला’ हे अक्षर जोडून ‘लाचू’ हा मेणबत्तीचा शब्द बनतो. प्रस्तुत आढाव्यात ‘चू’ची घडण, त्याचा मूळ अर्थ, त्याच्या उच्चाराचा इतिहास, शेजारच्या भाषांतील त्याचे स्थान, त्याचे आधुनिक लेखनरूप व संगणकीय संकेत आणि अखेरीस लिपिविचारातील वाद, अशा क्रमाने आजवरच्या मतांची मांडणी केली आहे.

२. अक्षराची घडण

‘चू’ हे अक्षर दोन भागांचे आहे. डावीकडे अग्नी या अर्थाचा चार रेघांचा घटक असून तो शब्द कोणत्या क्षेत्रातील आहे हे सुचवतो, म्हणून त्याला अर्थदर्शक घटक म्हणतात. उजवीकडे ‘शू’ हा तेरा रेघांचा घटक असून तो उच्चाराची दिशा दाखवतो, म्हणून त्याला ध्वनिदर्शक घटक म्हणतात. हान काळातील कोशकार श्यू शन याने इ. स. १०० च्या सुमारास पूर्ण केलेल्या ‘श्वोवन ज्येझी’ या कोशात हीच फोड दिली आहे. ९,३५३ अक्षरांची ५४० वर्गांत मांडणी करणारा हा कोश चिनी अक्षरविचाराचा पाया मानला जातो, आणि ‘चू’च्या घडणीविषयीचे त्याचे विधान पुढच्या परंपरेने सामान्यतः मान्य केले आहे.

मतभेद आहे तो ‘शू’ या घटकाच्या भूमिकेविषयी. स्वतंत्र अक्षर म्हणून ‘शू’ आज सिच्वान प्रदेशाचे जुने नाव आहे; श्यू शनच्या मते मात्र त्याचा मूळ अर्थ एका वनस्पतीवर राहणारा सुरवंट असा होता, आणि अक्षराच्या वरच्या भागातील डोळा त्या सुरवंटाचे डोके दाखवतो. सोंग काळात वांग शंगमेई या विद्वानाने असे प्रतिपादन केले की अक्षराचा उजवा भाग ध्वनीबरोबर अर्थाचेही सूत्र वाहतो, आणि त्याच उजव्या भागाची सर्व अक्षरे एखाद्या समान कल्पनेभोवती गुंफलेली असतात. ‘उजव्या भागाचा सिद्धान्त’ या नावाने ओळखले जाणारे हे मत शन क्वो याने आपल्या ग्रंथात नोंदवले, आणि विसाव्या शतकात शन ज्येनशी याने १९३३ मध्ये त्याचा इतिहास तपासून त्याला अधिक काटेकोर रूप दिले.

‘शू’ घटक असलेल्या अक्षरांना हा सिद्धान्त लावला तर निष्कर्ष संमिश्र येतो. ‘एकटा’ या अर्थाच्या ‘दू’ या अक्षराला आधार मिळतो, कारण यांग श्योंगच्या ‘फांग्यान’ या बोलींच्या कोशात ‘शू’ हा ‘एक’ या अर्थाचा शब्द म्हणून नोंदला असून दक्षिणेकडील छू प्रदेशात त्याऐवजी ‘दू’ म्हणतात, असे सांगितले आहे. परंतु स्पर्श, गढूळपणा आणि प्रकाश या अर्थांची त्याच घटकाची इतर अक्षरे या सूत्रात सहज बसत नाहीत. म्हणून ‘चू’मधील ‘शू’ केवळ ध्वनीसाठी आला, हे मत आज अधिक ग्राह्य मानले जाते.

येथेच एका लोकप्रिय व्युत्पत्तीचा विचार करणे आवश्यक आहे. ‘शू’ घटकाच्या आत कीटकाचे चिन्ह असल्यामुळे, मेण कीटकांपासून मिळते म्हणून मेणबत्तीच्या अक्षरात कीटक आला, असे स्पष्टीकरण शिकवताना अनेकदा दिले जाते. इतिहास त्याला पाठिंबा देत नाही. सिच्वानमध्ये झाडांवर वाढवल्या जाणाऱ्या कीटकांचे पांढरे मेण प्रसिद्ध आहे खरे. पण सोळाव्या शतकातील औषधिशास्त्रज्ञ ली शिचन याने नोंदवल्याप्रमाणे तांग-सोंग काळापर्यंत मेणबत्तीसाठी मधमाश्यांचेच मेण वापरले जाई, आणि कीटकांच्या पांढऱ्या मेणाची माहिती युआन काळापासून झाली. अक्षर त्याच्या कितीतरी शतके आधीचे आहे. मधमाश्यांच्या मेणाची बत्तीही, पुढे दिसेल त्याप्रमाणे, ‘चू’ या शब्दाइतकी जुनी ठरत नाही.

३. वस्तू कोणती : मशाल की मेणबत्ती

‘चू’ या शब्दाने आरंभी कोणती वस्तू दाखवली जाई, याविषयी ग्रंथांचा पुरावा बऱ्यापैकी एका दिशेला जातो. श्यू शनने त्याचा अर्थ राजवाड्याच्या अंगणात पेटवल्या जाणाऱ्या मोठ्या मशालीशी जोडला आहे. या नोंदीच्या शब्दांत पाठभेद असून, छिंग काळातील भाष्यकार दुआन यूत्साय याने १८१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या टीकेत एका अक्षराची दुरुस्ती सुचवून ‘मोठा चू’ असा पाठ स्वीकारला. दुसऱ्या शतकातील भाष्यकार चंग श्वान याने जमिनीवर पेटवलेला जाळ आणि हातात धरलेला ‘चू’ असा भेद केला. सातव्या शतकातील खोंग यिंगदा याने तर प्राचीन काळी मेणाच्या बत्त्या नव्हत्या आणि त्या वेळी मशालीलाच ‘चू’ म्हणत, असे स्पष्टच लिहिले. भांगेच्या काड्या, बोरू किंवा लाकडाच्या चिरफळ्या यांची जुडी बांधून पेटवलेली हातातली मशाल किंवा पलिता, म्हणजे कोकणात ज्याला चूड म्हणतात त्या प्रकारची वस्तू, हा ‘चू’चा प्राचीन अर्थ होय, यावर आज मोठ्या प्रमाणात एकमत आहे.

एकमत संपते ते संक्रमणाच्या काळाविषयी. सिमा छ्येन याच्या ‘शिजी’ या इतिहासग्रंथात पहिला सम्राट छिन श्हुआंग याच्या समाधीत एका जलचराच्या चरबीचे ‘चू’ लावल्याचा उल्लेख आहे. तो जलचर कोणता याविषयी सॅलमँडर, समुद्रातील सस्तन प्राणी अशी निरनिराळी अनुमाने झाली आहेत, आणि येथील ‘चू’ म्हणजे चरबीची बत्ती, दिवा की मशाल, हेही त्या एका वाक्यावरून ठरवता येत नाही. ‘शीजिंग झाजी’ या संकलनात मिन्यूएच्या राजाने हान घराण्याच्या संस्थापकाला मधमाश्यांच्या मेणाचे दोनशे ‘चू’ भेट दिल्याची नोंद आहे. ती खरी धरली तर इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या आरंभीच दक्षिणेत मेणबत्ती होती असे म्हणता येईल. पण या संकलनाचा कर्ता व काळ दोन्ही वादग्रस्त असल्यामुळे अनेक अभ्यासक त्या नोंदीवर भिस्त ठेवत नाहीत. पाचव्या शतकात संकलित झालेल्या ‘श्हश्वो शिनयू’ या ग्रंथात श्हश छोंग हा धनाढ्य मेणबत्त्या जाळून स्वयंपाक करत असल्याचे सांगितले आहे. ही कथा श्रीमंतीचा दिमाख दाखवण्यासाठी सांगितलेली असल्यामुळे, तोवर मेणबत्ती माहीत होती पण ती चैनीची वस्तू होती, एवढे निःशंकपणे म्हणता येते.

पुरातत्त्वाने या प्रश्नात भर घातली, तशी गुंतागुंतही वाढवली. युद्धमान राज्यांच्या काळापासून ब्राँझचे दिवे मिळतात, आणि हपेई प्रांतातील मानछंग येथे १९६८ मध्ये सापडलेला छांगशिन प्रासादाचा दिवा हे हान काळातील दिव्यांच्या कौशल्याचे सर्वोत्तम उदाहरण मानले जाते. या काळातील काही दिव्यांच्या तबकडीच्या मध्यभागी एक टोकदार खिळा असतो. त्यावर घन स्वरूपाची बत्ती खोचत असत असे एक मत आहे, तर तो खिळा तेलात बुडालेल्या तंतूंच्या वातीला आधार देण्यासाठी होता असे दुसरे. पहिले मत स्वीकारले तर हातातल्या मशालीचे तबकडीवर उभ्या राहणाऱ्या बत्तीत रूपांतर होण्याचा मधला टप्पा डोळ्यांसमोर येतो. दुसरे स्वीकारले तर तो टप्पा अद्याप सापडलेला नाही असे म्हणावे लागते.

४. उच्चाराचा इतिहास

‘चू’च्या मध्ययुगीन उच्चाराविषयी असाधारण चांगला पुरावा उपलब्ध आहे. लू फायान याने ६०१ मध्ये सिद्ध केलेला ‘छ्येयून’ हा यमककोश आणि त्याची १००८ मधील ‘ग्वांगयून’ ही विस्तारित आवृत्ती यांत अक्षरे उच्चारानुसार गटवार लावलेली आहेत, आणि प्रत्येक गटाला त्यातील एका अक्षराचे नाव दिले आहे. क, त किंवा प या स्पर्शव्यंजनांनी संपणाऱ्या शब्दांच्या विभागात ‘ग्वांगयून’मधील तिसरा गट ‘चू’ याच नावाचा आहे. त्यावरून, आणि दोन अक्षरांच्या साह्याने तिसऱ्याचा उच्चार सांगण्याच्या त्या कोशाच्या पद्धतीवरून, त्या काळचा उच्चार ‘च्योक’ याच्या जवळचा असावा असे मानतात. बीजिंगच्या भाषेत शेवटचा क गळून गेला. कँटोनीजमध्ये तो ‘चुक’ या रूपात टिकला, आणि फुच्येन व तैवानमधील होक्क्येन बोलीत ‘चिक’ असा राहिला.

त्याही मागे जाण्यासाठी समान ध्वनिदर्शक घटकाच्या अक्षरांचा आधार घेतला जातो. एकच ध्वनिदर्शक घटक असलेली अक्षरे प्राचीन काळी एकाच यमकवर्गात असत, हा नियम दुआन यूत्सायने मांडला होता. ‘शू’ घटकाची अक्षरे आज बीजिंगमध्ये चू, दू, छू, च्वो आणि शू अशी वेगवेगळी उच्चारली जातात. परंतु ती सर्व मुळात दंत्य व्यंजन आणि ‘ओक’ या शेवटाने जोडलेली होती असे मानले की ही विविधता नियमित दिसू लागते. स्वीडिश अभ्यासक बर्नहार्ड कार्लग्रेन याने या पद्धतीला आधुनिक रूप दिले, आणि विल्यम बॅक्स्टर व लोरां सागार यांच्या २०१४ मधील पुनर्रचनेत ‘चू’चा प्राचीन उच्चार ‘तोक’ असा दिला आहे. आरंभीचा त पुढे तालव्य होऊन च झाला, हा टप्पा बहुतेक पुनर्रचनांत समान आहे.

व्युत्पत्तीच्या बाबतीत असे एकमत नाही. प्रकाश टाकणे या अर्थाचा ‘चाव’ आणि भाजणे या अर्थाचा ‘च्वो’ हे शब्द अर्थाने ‘चू’च्या जवळचे आहेत, म्हणून ते एकाच शब्दकुलातील असावेत असा तर्क वेळोवेळी झाला. प्राचीन स्वर मात्र जुळत नाहीत. स्वरभेद असूनही कुलसंबंध मानायचा की नाही, हे प्राचीन चिनी शब्दरचनेविषयीच्या प्रत्येकाच्या एकूण भूमिकेवर अवलंबून राहते.

५. शेजारच्या भाषांतील थर

चीनबाहेरच्या तीन भाषांतील चिनी शब्दसाठ्याचा एकत्रित विचार विसाव्या शतकात रूढ झाला. कार्लग्रेनने १९१५ पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या अभ्यासात जपानी, कोरियन व व्हिएतनामी उच्चारांचा पुरावा म्हणून वापर केला होता, आणि सॅम्युअल मार्टिनने १९५३ मध्ये या उच्चारपरंपरांना एक समान संज्ञा दिली. ‘चू’च्या बाबतीत या तीन भाषांची स्थिती परस्परांहून बरीच वेगळी आहे.

जपानीत या अक्षराचे दोन चिनी-मूल उच्चार आहेत. ‘सोकु’ हा जुन्या, दक्षिण चीनमधून आलेल्या थरातील असून त्या थराचा बौद्ध परंपरेशी निकट संबंध आहे. ‘शोकु’ हा तांग काळातील राजधानीच्या भाषेवर बेतलेला आहे. जपानी शब्द क या व्यंजनावर संपू शकत नसल्यामुळे दोन्हींच्या शेवटी उ हा स्वर आला. मेणबत्तीला ‘रोसोकु’ म्हणतात आणि तिच्या बैठकीला ‘शोकुदाई’, म्हणजे वस्तू आणि तिचा आधार यांत दोन वेगळे थर दिसतात. नारा येथील दाइआनजी विहाराच्या ७४७ मधील मालमत्तेच्या यादीत मेणबत्तीचा उल्लेख असल्याने, बौद्ध विहारांतून ही वस्तू व तिचे नाव दोन्ही आले असे मानण्यास जागा आहे. हेइआन काळातील दरबारात ‘शिसोकु’ नावाची, पाइनच्या लाकडाची सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीची काडी हातात धरून चालत. तिचे टोक जाळून काळे केलेले असे व धरण्याच्या जागी कागद गुंडाळलेला असे. तिच्या नावात हेच अक्षर असले तरी वस्तू मशालीच्या जातीची आहे. याशिवाय ‘तोमोशिबी’ हा दिव्यासाठीचा देशी जपानी शब्दही या अक्षराने लिहिता येतो.

कोरियनमध्ये अक्षराचा उच्चार ‘छोक’ असा आहे आणि तो ‘ह्वाछोक’ म्हणजे विवाहातील शोभेची मेणबत्ती किंवा ‘ह्वांगछोक’ म्हणजे मधमाश्यांच्या पिवळ्या मेणाची बत्ती अशा जोडशब्दांत येतो. रोजचा शब्द मात्र ‘छो’ आहे, आणि त्यावरून मेणबत्तीची ज्योत या अर्थाचा ‘छोत्बुल’ हा शब्द बनतो. ‘छो’ हे ‘छोक’चे शेवटचे व्यंजन गळालेले रूप आहे, असे एक मत आहे. चीनमध्ये शेवटचा क नाहीसा झाल्यानंतर बोलण्यातून हा शब्द पुन्हा घेतला गेला, असे दुसरे. दोन्ही मतांपुढे एक समान अडचण आहे : मध्ययुगीन चिनी शब्दाचा आरंभ अल्पप्राण होता, कोरियन शब्दाचा महाप्राण आहे. स्पर्श या अर्थाच्या, त्याच ‘शू’ घटकाच्या आणि मुळात महाप्राण असलेल्या अक्षराच्या प्रभावाने हा बदल झाला असावा असे सुचवता येते. तथापि कोरियनमधील चिनी शब्दांत महाप्राणत्व इतरत्रही अनियमित आढळत असल्याने हे स्पष्टीकरण पुरेसे ठरत नाही.

व्हिएतनामीतील परिस्थिती सर्वांत बोधप्रद आहे. वांग ली याने १९४८ मध्ये या भाषेतील चिनी शब्दांचे जुने, ग्रांथिक आणि लोकभाषेत मुरलेले असे थर वेगळे केले, आणि तेव्हापासून थरांचा विचार या क्षेत्राचा कणा राहिला आहे. अक्षराचा ग्रांथिक उच्चार ‘चुक’ असा आहे. याशिवाय मशाल या अर्थाचा ‘दुओक’ हा नित्य वापरातला शब्द असून तोही याच चिनी शब्दाची, पण कितीतरी आधीची, उसनवारी मानला जातो. व्हिएतनामीतील अशा शब्दांचा आजचा द-सदृश आरंभ जुन्या त पासून आलेला आहे, म्हणजे चिनी भाषेत त चा च होण्यापूर्वी हा शब्द दक्षिणेत पोहोचला होता. मराठीत ‘दीप’ व ‘दिवा’ ही एकाच शब्दाची तत्सम व तद्भव रूपे शेजारी नांदतात, तसेच नाते ‘चुक’ व ‘दुओक’ यांचे आहे. फरक इतकाच की मराठीचा तद्भव शब्द वारशाने आलेला आहे आणि व्हिएतनामीचे दोन्ही शब्द उसने आहेत. विवाहाच्या संदर्भात ‘होआ चुक’ हा ग्रांथिक शब्द आणि ‘दुओक होआ’ हा त्याचा देशी वळणाचा पर्याय दोन्ही चालतात. प्रत्यक्ष मेणबत्तीसाठी मात्र उत्तरेत ‘नेन’ व दक्षिणेत ‘देन काय’ असे निराळेच शब्द आहेत.

मेणाच्या अक्षराचीही अशीच दुहेरी नोंद होते. बीजिंगमधील ‘ला’ याचा मध्ययुगीन उच्चार ‘लाप’ असा होता. कँटोनीजमध्ये तो ‘लाप’ राहिला, व्हिएतनामी ग्रांथिक थरातही ‘लाप’ आहे, कोरियनमध्ये ‘राप’ झाला आणि जपानीत जुन्या लेखनातील ‘राफु’मधून ‘रो’ झाला. व्हिएतनामीतील मेणासाठीचा नित्याचा शब्द ‘साप’ हा आणखी जुन्या थराचा असून, त्याच्या आधारे बॅक्स्टर व सागार यांनी प्राचीन चिनी शब्दाच्या आरंभी ‘क’ व ‘र’ अशी व्यंजने मानली. जोडव्यंजने उसनवारी घेणाऱ्या भाषेत नंतर उद्भवली असण्याची शक्यता टीकाकारांनी पुढे केली असून हा वाद चालू आहे.

६. आधुनिक वापर आणि लेखनरूप

एकोणिसाव्या शतकापासून तेल, गॅस व विजेच्या दिव्यांनी मेणबत्तीची जागा घेतली, तरी ‘चू’ हे अक्षर मोजमापाच्या परिभाषेत नव्याने शिरले. दिव्याचा उजेड मेणबत्तीच्या पटीत सांगण्याच्या पाश्चात्त्य पद्धतीसाठी चिनी व जपानीत ‘मेणबत्तीचा प्रकाश’ या अर्थाची संज्ञा बनली. १९४८ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने कँडेला हे नाव स्वीकारल्यावर ती शास्त्रीय वापरातून मागे पडली. कोरियात मात्र विजेच्या साध्या दिव्याला ‘तीस छोक’चा दिवा म्हणण्याची पद्धत बोलण्यात टिकून राहिली. विवाहाच्या शब्दांतही हे अक्षर चारही भाषांत टिकले, आणि जपानीत विवाहसमारंभाला ‘काशोकु नो तेन’ असे भारदस्त नाव आहे.

कोरियात १९४८ च्या कायद्याने शासकीय कागदपत्रांसाठी हांगुल लिपीला अग्रस्थान दिले, आणि व्हिएतनाममध्ये १९१९ मधील शेवटच्या शाही परीक्षांनंतर रोमन लिपीवर आधारलेले लेखन सार्वत्रिक झाले. परिणामी या दोन भाषांत शब्द राहिला आणि अक्षर डोळ्यांआड झाले. २००२, २००८ आणि २०१६-१७ मध्ये दक्षिण कोरियात झालेल्या विराट जनआंदोलनांना ‘छोत्बुल’ सभा म्हणतात. २०१७ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पदच्युतीपर्यंत पोहोचलेल्या त्या आंदोलनाच्या नावात हे प्राचीन अक्षर कोठेही लिहिले जात नाही.

चीनमध्ये १९५६ च्या सुलभीकरण योजनेने आणि १९६४ च्या सर्वसाधारण यादीने ‘चू’मधील ‘शू’ घटकाच्या जागी त्याच्या आतील कीटकाचे चिन्ह तेवढे ठेवले. त्यामुळे सतरा रेघांचे अक्षर दहा रेघांचे झाले. ‘एकटा’, ‘स्पर्श’ व ‘गढूळ’ या अक्षरांतही हाच बदल झाला. परंतु बांगडी या अर्थाच्या अक्षरात ‘शू’ पूर्ण ठेवला गेला. समर्थकांचे म्हणणे असे की ही संक्षिप्त रूपे लोकांच्या हस्तलेखनात व स्वस्त छापील पुस्तकांत आधीपासून रुळलेली होती, शासनाने त्यांना केवळ मान्यता दिली, आणि साक्षरतेच्या प्रसाराला त्याची मदत झाली. आक्षेप असा की कीटकाच्या चिन्हाचा उच्चार ‘छोंग’ असल्याने अक्षरातील ध्वनिसूचन नष्ट झाले आणि शब्दकुलातील दुवा तुटला. मेणाच्या अक्षराबाबत आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण त्यासाठी निवडलेले संक्षिप्त रूप पूर्वीपासून वर्षाअखेरीच्या ‘चा’ या यज्ञाचे अक्षर होते, आणि प्राचीन ग्रंथ नव्या रूपात छापताना दोन्हींची गल्लत होऊ शकते. रेघांचा हिशेब केला तर ‘लाचू’ हा जोडशब्द अडतीस रेघांवरून चोवीसवर आला. तैवान व हाँगकाँगमध्ये जुनी रूपे चालू आहेत.

जपानने वेगळी वाट धरली. ‘एकटा’ व ‘स्पर्श’ यांची संक्षिप्त रूपे तेथे स्वीकारली गेली, ‘गढूळ’ मात्र जुन्या रूपात राहिला, आणि ‘चू’ला १९४६ च्या १,८५० अक्षरांच्या यादीत किंवा २०१० च्या २,१३६ अक्षरांच्या यादीतही स्थान मिळाले नाही. त्यामुळे ‘रोसोकु’ हा शब्द सामान्यतः काना या ध्वनिलिपीत लिहिला जातो. मेणाच्या अक्षराची जपानी कथा संगणकाशी जोडलेली आहे : १९७८ च्या औद्योगिक मानकातील जुने रूप १९८३ च्या सुधारणेत संक्षिप्त रूपाने बदलले गेले, डिसेंबर २००० मध्ये राष्ट्रीय भाषा परिषदेने यादीबाहेरच्या १,०२२ अक्षरांची छापील प्रमाणरूपे ठरवताना जुने रूप मुख्य मानून संक्षिप्त रूपाला रूढ पर्याय म्हणून मान्यता दिली, आणि नव्या मानकाने दोन्ही रूपांना स्वतंत्र संकेत दिले. युनिकोडच्या १९९२ मधील २०,९०२ एकीकृत अक्षरांच्या संचातही ‘चू’ची दोन आणि मेणाची तीन रूपे वेगवेगळ्या संकेतांवर आहेत. जतनासाठी ही व्यवस्था हितकर आहे असे एका पक्षाचे मत आहे. शोध घेताना एकाच शब्दाची रूपे परस्परांना ओळखत नाहीत, ही दुसऱ्या पक्षाची तक्रार आहे.

७. लिपिविचारातील वाद

या सर्व तपशिलांच्या मागे एक जुना सैद्धान्तिक वाद उभा आहे. हर्ली क्रील याने १९३६ मध्ये चिनी अक्षरे प्रामुख्याने कल्पना दाखवतात अशी भूमिका मांडली, आणि पुढच्याच वर्षी पीटर बुडबर्गने तिचा प्रतिवाद करून अक्षरे शब्दच दाखवतात व ध्वनी हा त्यांचा गाभा आहे असे म्हटले. जॉन डीफ्रान्सिसने १९८४ मध्ये बुडबर्गच्या बाजूने सविस्तर युक्तिवाद केला. चीनमध्ये छ्यो शीग्वेई याने १९८८ च्या आपल्या ग्रंथात अर्थदर्शक, ध्वनिदर्शक आणि केवळ खुणेसारख्या घटकांचा भेद करून मध्यम मार्ग सुचवला.

‘चू’चा इतिहास या वादात दोन्ही बाजूंना काही देतो. अक्षराची घडण ध्वनीवर उभी आहे आणि ‘दुओक’, ‘साप’ यांसारखे शब्द लेखनाच्या आधाराशिवाय, बोलण्यातून पसरले, ही गोष्ट बुडबर्गच्या बाजूची आहे. उलट, जपानीत हेच अक्षर ‘तोमोशिबी’ या देशी शब्दासाठी वापरता आले, आणि चीनमधील संक्षिप्त रूपात ध्वनिसूचन नाहीसे होऊनही अक्षर अडचणीविना वाचले जाते, यावरून ध्वनीखेरीज अर्थाशी थेट नाते जोडण्याची क्षमता या लिपीत आहे हे मान्य करावे लागते. छ्यो यांच्या वर्गीकरणात कीटकाच्या चिन्हाला निव्वळ खूण म्हणता येते, आणि तूर्त हेच वर्णन वस्तुस्थितीला सर्वांत जवळचे आहे.

८. अनिर्णित प्रश्न आणि निष्कर्ष

आजवरच्या अभ्यासातून काही गोष्टी निश्चित झाल्या आहेत. ‘चू’ हे ध्वनी व अर्थ अशा दोन घटकांचे अक्षर आहे, त्याचा मूळ अर्थ हातातली मशाल असा होता, मध्ययुगीन उच्चार क या व्यंजनावर संपत होता, आणि शेजारच्या भाषांनी तो एकापेक्षा अधिक वेळा उचलला. मशालीचे मेणबत्तीत रूपांतर कोणत्या शतकांत व कोणत्या प्रदेशांत झाले, खिळा असलेल्या दिव्यांत काय जळत होते, कोरियन ‘छो’चा उगम नेमका कोणता, प्रकाशाच्या इतर शब्दांशी ‘चू’चे नाते आहे की नाही, आणि व्हिएतनामी पुराव्यावरून प्राचीन चिनी आरंभव्यंजने कितपत ठरवावीत, हे प्रश्न मात्र उघडे आहेत. खिळ्याच्या दिव्यांचा प्रश्न सुटण्यासारखा आहे, कारण तबकड्यांत उरलेल्या अवशेषांचे रासायनिक परीक्षण करता येते. शब्दकुलाचा प्रश्न तुलनेने कठीण आहे, कारण त्यात पुराव्यापेक्षा गृहीतकांचे वजन अधिक आहे.

या आढाव्यातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. ‘चू’चा सर्वांत जुना अर्थ आज चिनी भाषेच्या रोजच्या वापरात नाही, तो व्हिएतनामी ‘दुओक’ या शब्दात आणि जपानी दरबाराच्या ‘शिसोकु’मध्ये टिकला. सर्वांत जुन्या उच्चाराचा जिवंत साक्षीदारही व्हिएतनामीच आहे, ज्या भाषेने हे अक्षर लिहिणे सोडून शंभर वर्षे झाली. म्हणून शेजारच्या भाषांना चिनी शब्दांच्या निव्वळ ग्राहक मानण्याची सवय अभ्यासकांनी सोडली पाहिजे. चारही भाषांचे कोशकार, ध्वनिशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्वज्ञ यांनी आपापला पुरावा एकाच मांडणीत आणला, तरच या अक्षराचा पूर्ण इतिहास लिहिता येईल, आणि ते काम अद्याप व्हायचे आहे.